गाडीत टेप बसवण्याआधीचा कागद

ऊस हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मागे दोन ट्रॉल्या ऊस, पुढे ट्रॅक्टर आणि मडगार्डवर नाहीतर छताखाली आवळून बांधलेले स्पीकर. कारखान्याच्या रांगेत रात्र काढायची, डोळा लागू द्यायचा नाही, सोबतीला कुणी नाही. गाणं ही त्या ड्रायव्हरची गरज आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण अशा ट्रॅक्टरच्या जवळ जाऊन कधी वायरिंग बघा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली लाल वायर बऱ्याचदा मध्ये फ्यूज न घेता थेट अ‍ॅम्प्लिफायरला गेलेली असते. पत्र्याच्या धारेवर घासत जाते, दोन ठिकाणी पीळ देऊन जोडलेली असते आणि जोडावर काळी टेपपट्टी असते. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण ३६ अँपिअरचा. त्यातच हेडलाइट, त्यातच बॅटरीचं चार्जिंग आणि त्यातच हा आवाज. गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला दिवा मंद होतो आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचत नाही.

हीच वायर, जरा नीट झाकलेली, शहरातल्या दहा-बारा लाखांच्या गाड्यांमध्येही सापडते. तिच्यासाठी हा लेख.

कोल्हापूरकराला गाडी नुसती चालून भागत नाही, ती देखणीही असावी लागते. इथल्या रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात; रिक्षाची गादी, आरसे, हूडवरची नक्षी बघायला माणसं रस्त्यात थांबतात. तीच हौस मोटारीच्या आवाजात उतरते. नवी गाडी आली की महिनाभरात कंपनीचे स्पीकर ‘डबा’ वाटायला लागतात आणि पाय अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात. दुकानात पहिला प्रश्न येतो, “बजेट किती?” दुसरा, “कंपनी कुठली?” मग काउंटरवर खोकी मांडली जातात आणि खोक्यांवरचे वॅट बघून भाव ठरतो. वायरचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही “किट फ्री देतो” म्हणून.

माझं म्हणणं असं की हा क्रम पूर्ण उलटा हवा. आधी एका कागदावर आपली गाडी वरून दिसते तशी काढायची. बॅटरी कुठे, फायरवॉलला भोक कुठे, सीटखाली जागा किती, डिकीत काय काय आहे हे मांडायचं. मग वीज कुठून कुठे जाणार, सूर कुठून कुठे जाणार आणि पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, या तीन रेघा त्यावर ओढायच्या. खरेदीची यादी त्या कागदातून आपोआप निघते. ती अनेकदा दुकानातल्या यादीपेक्षा स्वस्तही पडते.

*

आधी वॅटचं बघू. टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट, ४ चॅनेल’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. एवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला, आवाज न फाटता, एका चॅनेलमधून १८ ते २० वॅटच्या आसपासच खरी ताकद मिळते. पुढचे आकडे क्षणिक आणि फाटक्या आवाजाचे. स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो तो यासाठी: त्याच्या पोटात १२-१४ व्होल्टचे जास्त व्होल्ट करून घेणारी सोय असते. त्याच्या माहितीपत्रकात ‘आरएमएस’ या शब्दापुढे जो आकडा असतो तेवढाच धरायचा.

आता समजा, चार दारांचे स्पीकर आणि एक सबवूफर मिळून ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. असे अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात, म्हणजे पूर्ण ताकदीवर तो ६२५ वॅट ओढणार. घरच्या २३० व्होल्टवर हे पावणेतीन अँपिअरही नाहीत. गाडीच्या १३.८ व्होल्टवर मात्र ४५ अँपिअर होतात. गाडीतल्या वायरिंगची सगळी कटकट या एका आकड्यातून जन्माला येते. व्होल्ट कमी म्हणून प्रवाह मोठा, प्रवाह मोठा म्हणून वायर जाड.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नदीवरून माळावर पाणी न्यायचं असेल तर पंप कितीही दमदार बसवा, पाइप बारीक टाकला तर टोकाला धार येत नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर सुमारे ५ मीटर लागते. शुद्ध तांब्याची ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर छेदाची वायर टाकली तर ४५ अँपिअरला वाटेत ०.१८ व्होल्ट पडतात. ८ गेजची टाकली तर जवळजवळ अर्धा व्होल्ट. आणि तीच ८ गेज तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर पाऊण व्होल्टच्या घरात. त्या वेळी कार्पेटखाली ती वायर ३० वॅटहून जास्त उष्णता टाकत असते. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून गाड्या रोज पेटत नाहीत. पण ढोलाचा जो ठोका दणकट हवा, नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खाली जातं आणि ठोका पोकळ येतो.

‘फ्री’ किटमधली वायर बहुधा हीच असते. वरचं रबरी आवरण जाड, आत धातू थोडा आणि तोही मुलाम्याचा. ओळखायला सोपं आहे. टोक सोलायचं आणि एक तार ब्लेडने खरवडायची. आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनिअम. अ‍ॅल्युमिनिअमची वायर वापरूच नये असं नाही, पण मग एक-दोन माप जाड घ्यावी लागते, आणि लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत, ती कालांतराने सैल पडते हेही धरून चालावं लागतं. खरेदीत कुठे काटकसर करायची असेल तर स्पीकरच्या नावात करा, वायरमध्ये नको.

बॅटरीच्या टोकापासून दीड फुटाच्या आत, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज हवा. हा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याचा वेगळा फ्यूज असतोच. वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते, स्टार्टर फिरवण्याची ताकद तिच्यात असतेच. तो प्रवाह तोडणारं काहीतरी बॅटरीच्या अगदी जवळ नसेल तर बोनेटखालची सगळी लांबी बेवारस राहते. वरच्या उदाहरणात ४ गेजच्या तांब्याच्या वायरीला ६० ते ८० अँपिअरचा फ्यूज योग्य. उडाला म्हणून मोठा घालणं किंवा तार गुंडाळणं, ही कामं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि ती पाहून अंगावर काटा येतो.

*

इंजिनाकडून केबिनमध्ये वायर आणायला फायरवॉलला कंपनीनेच रबरी ग्रोमेट बसवलेलं असतं. त्यातूनच, शक्य तर स्वतःचं छोटं ग्रोमेट घालून, वायर आत घ्यावी. नवं भोक पाडायची वेळ आलीच तर पलीकडे काय आहे हे दोनदा बघून, भोकाच्या धारा घासून, रंग लावून आणि ग्रोमेट बसवूनच पुढे जायचं. आत आली की ती दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे जाते. प्रत्येक पट्टीच्या क्लिपा तुटणार हे गृहीत धरून चार-सहा क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

आता अर्थिंग. मला विचाराल तर या कामात कारागीर कसा आहे ते इथे कळतं. डिकीतलं कार्पेट उचललेलं असतं. चेसिसला वेल्ड झालेल्या जाड पत्र्यावर एक जागा निवडलेली असते, अ‍ॅम्प्लिफायरपासून हातभर अंतरावर. चांगला वायरमन आधी खाली वाकून बघतो, पत्र्याच्या पलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी तर नाही ना. मग पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासतो. रंग जातो, खालचा करडा प्राइमर जातो आणि पत्रा चकाकायला लागतो. तिथे दात्यांचा वॉशर, त्यावर लग, वर बोल्ट. पान्याने आवळताना दाते पत्र्यात रुततात ते हाताला जाणवतं. आवळून झालं की वरून पुन्हा प्राइमर नाहीतर ग्रीसचा थर, कारण उघडा पत्रा आणि कोल्हापूरचा जुलै एकत्र आले की गंज धरायला आठवडाही पुरतो. शेवटी मल्टिमीटर: गाणं जोरात लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि हा बोल्ट यांच्यात ०.१ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर जागा बदलायची. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, जाडजूड असतो. त्याला हात लावायचा नाही. तो ज्या मापाने आवळलेला आहे ते माणसाच्या जिवासाठी आहे.

लग दाबायचं काम पकडीने किंवा हातोडीने करू नये, हे इथे सांगणं सोपं आहे, कारण नीट दाबणारी माणसं या शहरात आहेत. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनची कंट्रोल पॅनेल बांधणारे कारागीर दिवसभर हेच करतात. योग्य मापाचा लग, षटकोनी दाब देणारं क्रिम्पिंगचं हत्यार, जोडावर हीट श्रिंक, प्रत्येक वायरला नंबर आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याच पॅनेलचं ड्रॉइंग. फौंड्री आणि ऑइल इंजिनवर वाढलेल्या या गावाला शिस्तीचं वायरिंग नवीन नाही. ती शिस्त मशीनपासून मोटारीपर्यंत मात्र पोचलेली नाही.

*

मोटारीतल्या आवाजाचा इतिहास हा खरखरीशी भांडणाचाच इतिहास आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. स्पीकर लहान करणं, बॅटरीवर चालवणं हे प्रश्न होतेच, पण मोठी डोकेदुखी होती इंजिनाच्या ठिणगीची. प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत कडकड उमटवायची. प्लगवर आणि डिस्ट्रिब्यूटरवर खरखर दाबणारे भाग बसवल्याशिवाय गाणं ऐकू येत नसे. आपल्याकडे रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागण्याच्या काळातही ज्या थोड्या गाड्यांत रेडिओ होता, त्यांना हाच त्रास होता.

आज तो त्रास शिट्टीच्या रूपाने येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाजामागे बारीक शिट्टी चढत जाते, पाय काढला की उतरते. ती अल्टरनेटरची असते. मूळ कारण बहुतेक वेळा एकच: टेपचं अर्थिंग एका जागी, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसऱ्या जागी, दोन्हींत किंचित व्होल्टेजचा फरक, आणि तो फरक सिग्नलच्या वायरीवरून गाण्यात शिरतो. दुसरं कारण म्हणजे जाड पॉवर वायर आणि नाजूक सिग्नल वायर एकाच उंबऱ्याखाली शेजारी शेजारी बांधणं. म्हणून कागदावर वीज एका बाजूने आणि सूर दुसऱ्या बाजूने न्यायचे. बॅटरी ज्या अंगाला आहे त्या अंगाने पॉवर, समोरच्या अंगाने सिग्नल, आणि दोघांना एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. शिट्टी आली की दुकानात फिल्टर विकला जातो. मी म्हणेन, फिल्टरच्या आधी अर्थिंगचे बोल्ट उघडून बघा.

नव्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. पूर्वी टेप काढून दुसरा बसवता यायचा. आता स्क्रीनमध्येच मागचा कॅमेरा, एसीची बटणं, गाडीची सेटिंग अडकलेली असतात. ती काढणं म्हणजे गाडीशी भांडण. तेव्हा सिग्नल कंपनीच्याच स्पीकरच्या वायरींतून घ्यावा लागतो: हाय लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर, नाहीतर मध्ये कन्व्हर्टर किंवा डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल संस्कार करणारा डबा. अनेक कंपन्या आवाज वाढवला की बेस हळूच कमी करतात, आपले छोटे स्पीकर फुटू नयेत म्हणून. हे माहीत नसलं की माणूस मोठा सबवूफर घेतो आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर बेस कुठे गेला म्हणून दुकानदाराला फोन करतो. आणि कुठल्याही परिस्थितीत कंपनीची वायर कापायची नाही. त्या त्या मॉडेलचे कपलर मिळतात. कापली की वॉरंटीचा वाद उभा राहतो, आणि गाडी विकताना मूळ टेप परत बसवणंही अवघड होतं.

*

तिसरी रेघ पाण्याची. पुण्या-मुंबईच्या माहितीत ती सहसा नसते. कोल्हापूरच्या कागदावर ती हवीच.

शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर गगनबावडा आहे, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणारा. रविवारी तिकडे जाऊन आलेली गाडी सोमवारी चपलांच्या पाण्याने आतून ओली असते. राधानगरी, आंबा घाट, फोंडा घाट, सगळीकडे तीच गत. त्यात पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरी-नागाळा पार्काच्या सखल भागात पार्किंगमधल्या गाड्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअर, सीट यांची चर्चा झाली. सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरची कुणी केली नाही, आणि पुराच्या चिखलाने आधी तोच गाठला.

सीटखाली जागा असते, वायर कमी लागते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर तिथे बसवायचा मोह होतो. तिथे बसवायचाच असेल तर थेट कार्पेटवर टेकवू नये. खाली दोन-अडीच इंच उंचीची पत्र्याची घोडी हवी, वायरींच्या जोडण्यांचं तोंड खाली किंवा आडवं हवं, आणि वायर आत येताना एक झोळ खाली सोडलेला हवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला टपकून जाईल. एसीची पाणी टाकणारी नळी तुंबली की ते पाणी पुढच्या कार्पेटखाली उतरतं. काम सुरू करण्याआधी तिथे हात घालून ओल आहे का बघायचं. ओल असेल तर आधी ती दुरुस्ती. वायर नंतर.

दारांचं प्रकरण याहून नाजूक. काच वर-खाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते तसंच अपेक्षित आहे. दाराच्या तळाला भोकं असतात, त्यांतून ते बाहेर पडतं. स्पीकरचा आवाज सुधारण्यासाठी दारात ब्यूटिल रबराची, वर अ‍ॅल्युमिनिअम फॉइल असलेली शीट चिकटवतात. ते योग्यच आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेवढीच मागे ढकलतो, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागचा आवाज पुढे येऊन पुढच्यालाच खाऊन टाकतो. भोकं बंद केली, पत्रा जड केला की त्याच जुन्या स्पीकरला बेस येतो. कमी पैशात आवाज सुधारायचा असेल तर मी सगळ्यात आधी हेच सुचवेन. पण शीट लावता लावता तळाची भोकं बुजवली तर दार पाण्याने भरतं आणि दोन पावसाळ्यांत खालून गंजतं. दार बंद करताना आतून डुबुक असा आवाज आला तर समजा, कुणीतरी भोक बुजवलं आहे.

मूळ जागेत नवा साडेसहा इंची स्पीकर बसत नसेल तर मध्ये रिंग लागते. बाजारात एमडीएफच्या रिंगा मिळतात. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं, स्क्रू सुटतात, दार कुरकुरतं. उद्यमनगरात नायलॉनची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची रिंग लेथवर हव्या त्या मापाची काढून मिळू शकते. स्पीकरचा बाहेरचा व्यास, आतलं भोक, काच पूर्ण खाली घेतल्यावर स्पीकरच्या मागच्या चुंबकापर्यंत राहणारं अंतर ही मापं व्हर्निअरने घेऊन जावीत. लेथवाल्याला अंदाज सांगू नये.

*

स्पीकर कुठे बसवायचा हे ठरवताना कोल्हापुरात एक नाव आठवणं साहजिक आहे. १९२९ साली इथे प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ साली तिचा ‘अयोध्येचा राजा’ बोलपट आला. कंपनी पुण्याला गेली ती १९३३ साली. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. त्या काळी नट बोलणार, वाद्यं वाजणार, सगळं एकाच वेळी टिपायचं, नंतर दुरुस्ती नाही. मायक्रोफोन कुठे ठेवायचा हा निर्णय चुकला की दृश्य चुकलं. नव्वद वर्षांत यंत्रं बदलली, पण आवाजाचा उगम आणि कान यांच्यातलं अंतर तेव्हा जितकं महत्त्वाचं होतं तितकंच आजही आहे.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून समजा ८० सेंटिमीटरवर, डावा १३० वर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा येतो. एवढा उशीर कानाला पुरेसा असतो: गाणारी बाई समोर उभी न राहता उजव्या दारात जाऊन बसते. डीएसपी असेल तर जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावता येतो आणि आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. डीएसपी नसेल तर निदान ट्वीटर दारातल्या स्पीकरच्या फार दूर नेऊ नये, आणि त्याची दिशा फक्त ड्रायव्हरच्या कानावर रोखू नये.

ट्वीटर पुढच्या खांबात बसवायची फॅशन आहे. सहा एअरबॅगांच्या गाडीत त्या खांबाच्या आवरणामागून पडद्याची एअरबॅग जाते. तिथे स्क्रू मारणं, जाड आवरण बसवणं, वायर आडवी नेणं म्हणजे अपघाताच्या क्षणी ती एअरबॅग अडवणं. सीटखालचे आणि खांबातले पिवळे कपलर एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही. मला ट्वीटरसाठी आरशामागची त्रिकोणी पट्टी बरी वाटते.

चाचणीसाठी बेस आदळणारं गाणं लावू नका, ते कुठल्याही डब्यात दमदार वाटतं. लावणी लावा. ढोलकीची चाटी सुटी, कोरडी ऐकू यायला हवी आणि धुमेचा घुमारा तिच्यात मिसळायला नको. मग तानपुऱ्यावरचं ख्यालगायन लावा. हे उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांचं आणि देवल क्लबचं गाव आहे. षड्ज हलला तर इथे चार माणसांना तरी कळतो.

सबवूफरबद्दल थोडक्यात. ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे डिकीत ठेवला तरी चालतो. दारातल्या स्पीकरना ८० च्या वरचंच काम द्यायचं. पण पंधरा-वीस किलोचा खोका डिकीत सुटा ठेवायचा नाही. घाटात जोराचा ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवरच्या पोरांच्या पाठीवर येतो. पट्ट्यांनी पत्र्याला बांधा. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि नळ्या यांच्यापासून सगळ्या वायरी लांब, आणि तिथे भोक तर अजिबात नाही. अशा गाडीला सीटखालचा छोटा सबवूफर पुरतो. इलेक्ट्रिक गाडीतही टेप १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो; नारिंगी केबल जिथून जाते त्या वाटेला मात्र जायचं नाही.

सगळं बसल्यावर अ‍ॅम्प्लिफायरवरचा ‘गेन’ स्क्रू फिरवायचा असतो. बहुतेक जण तो व्हॉल्यूमसारखा फिरवतात आणि स्पीकर जाळतात. त्याचं काम टेपच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवणं आहे. स्पीकरची वायर सोडवून, टेप पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून, चाचणीचा स्वर वाजवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा. ४ ओहमला ७५ वॅट हवे असतील तर १७.३ व्होल्ट, २ ओहमच्या सबवूफरला ३०० वॅट हवे असतील तर २४.५ व्होल्ट. तिथे पोचलं की स्क्रू सोडून द्यायचा. कानाला आणखी हवंसं वाटेल, ते ऐकायचं नाही.

*

आवाजाच्या मर्यादेबद्दल कोल्हापूरला बाहेरच्यांनी सांगायची गरज नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या साऊंड सिस्टीमवरून पोलीस, मंडळं आणि महाद्वार रोडचे रहिवासी यांच्यात किती वर्षं काय चाललं आहे, हे सगळे जाणतात. २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंद काचांच्या गाडीत १०० डेसिबल सहज होतात, आणि तेवढा आवाज दिवसाला पंधरा मिनिटांहून जास्त ऐकणं कानाला धोक्याचं मानतात. चांगल्या वायरिंगचा, बंद केलेल्या दारांचा, जुळवलेल्या गेनचा मला वाटणारा मोठा फायदा हाच आहे की कमी आवाजात सगळं ऐकू येतं. हॉर्न ऐकू येतो, रुग्णवाहिका ऐकू येते.

काम झाल्यावर महिन्याभराने एकदा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा गाडी पुन्हा उघडावी. फ्यूजच्या घरावर हात ठेवून ते गरम लागतं का बघावं, बॅटरीवरचे आणि अर्थिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत, दाराच्या तळाच्या भोकांत जाड तार घालून चिखल काढावा. आणि तो पहिल्या दिवशीचा कागद, ज्यावर आता वायरींचे रंग, गेज, प्रत्येक फ्यूजचे अँपिअर, अर्थिंगची जागा आणि गेनचे व्होल्ट लिहिलेले आहेत, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा, पॅनेलवाले दारात ठेवतात तसा. पुढच्या वेळी बॅटरी बदलायला येणारा पोरगा, पुढचा वायरमन आणि गाडीचा पुढचा मालक, तिघांनाही तो लागणार आहे.